च्योच म्हटलं की उठायचं

सगळ्यात आधी खाण्याचं बोलून घेऊ. फोनवर तू फिरून फिरून ‘ताई, तिथे जेवायला काय असतं गं?’ एवढंच विचारत होतीस, पण तुला खरं काय विचारायचंय ते माझ्या लक्षात आलं. बिल्बावच्या तुझ्या वर्गातल्या मुलामुलींनी फेब्रुवारीत सायडर हाउसचा बेत ठरवलाय, तू हौसेने ‘हो’ म्हणून बसलीस, आणि मग रात्री त्या जेवणाचे फोटो बघून पोटात गोळा आला. बरोबर ना? तर ऐक. फोटोतलं ते हाडासकटचं जाडजूड मांस गाईचंच आहे. चुलेता म्हणतात त्याला. वय झालेल्या गाईची बरगडी, जाडं मीठ लावून निखाऱ्यांवर बाहेरून करपवलेली आणि आतून लालभडक ठेवलेली. त्या जेवणातला मान तिचा. आणि तू ती खाल्ली नाहीस तर कुणाचंही काही बिघडत नाही. फक्त हे सांगायचं कधी, ते नीट समजून घे.

टेबल राखतानाच सांगायचं. ताट समोर आल्यावर ‘अय्या, मी हे खात नाही’ म्हणायचं नाही. त्या घरांत मेन्यूकार्ड वगैरे भानगड नसते. जेवण ठरलेलं, सगळ्यांना एकच, आणि वर्षानुवर्षं तेच. काही ठिकाणी सुरुवातीला सायडरमध्ये शिजवलेला चोरिसो येतो, म्हणजे डुकराच्या मांसाचं लाल सॉसेज. मग खाऱ्या कॉड माशाचं ऑम्लेट, त्याला बाकालाओचं तोर्तिया म्हणायचं. मग तोच मासा तळून, वर हिरव्या मिरच्यांचा आणि कांद्याचा ढीग. मिरच्या बिनतिखटाच्या, घाबरू नकोस. मग ती चुलेता. आणि शेवटी चीज, अक्रोड आणि मेंब्रियोची, म्हणजे क्विन्स फळाची, वडी. स्वयंपाकघराला आधी कळलं असेल तर चुलेतेच्या जागी आणखी एक माशाचं ताट सहज मिळतं. तुझी ती पूर्ण शाकाहारी रूममेट येणार असेल तर तिच्यासाठीही बऱ्याच ठिकाणी अंडं चालत असेल तर मिरच्या-बटाट्याचं ऑम्लेट, नाहीतर भाज्या असं काही करून देतात, पण फोनवर पक्कं करून घ्या. ऐन वेळी तिला पाव आणि अक्रोडावर दिवस काढावा लागू नये.

आणि सांगताना नुसतं ‘कार्ने नको’ म्हणू नकोस. कार्ने म्हणजे मांस खरं, पण स्पेनमध्ये हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लाल मांसाचा तुकडा येतो. हॅमचे बारीक तुकडे, चोरिसो, हे सगळं त्यात धरतीलच याची खात्री नाही. नावं घेऊन सांग: ‘नो कोमो बाका, नी तेर्नेरा, नी सेर्दो.’ गाय नाही, वासरू नाही, डुक्कर नाही. कारण सांगत बसू नकोस. धर्म, आई, आजी, लहानपण, कुणी विचारलंय? आपल्या मुलींना ‘नको’ म्हटलं की पाठोपाठ खुलासा जोडायची खोड असते. तिथे ‘नको’ एवढं पुरतं.

आता याच्याही पुढची एक गोष्ट, जी तुला दुसरं कुणी सांगणार नाही. खऱ्या जुन्या पद्धतीच्या घरात प्रत्येकाला वेगळी ताटली नसते. लांब लाकडी टेबल, मधोमध ऑम्लेटचं ताट, आणि सगळ्यांचे काटे त्यातच. उष्टं-बिष्टं हा विचार त्यांच्या गावीही नाही. आपल्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा वरून प्यायचा, तिथे वाढलेली तू, तुझा काटा हवेतच अडेल. ‘उन प्लातो, पोर फावोर’ म्हटलंस की ताटली मिळते. पण माझं ऐकशील तर ऑम्लेटपुरतं तरी सगळ्यांबरोबर कडेकडेने खाऊन बघ. काटा आपल्या बाजूने घालायचा, पलीकडच्याच्या वाट्यात घुसायचं नाही, ही शिस्त तिथेही पाळतात. चुलेता मात्र कापलेल्या तुकड्यांसकट थेट टेबलाच्या मध्यावर आदळते, आणि ते बघवत नसेल तर आधीच टोकाची जागा धर. बसायचा प्रश्न फारसा येत नाही. काही घरांत बाकडी असतात, पण मूळ रीत उभ्याने जेवायची. का, ते सांगते.

कारण जेवताना सारखं उठायचं असतं. तू जिथे चाललीयस त्या घरांना बास्क भाषेत सगारदोतेगी म्हणतात, आणि ती दोनोस्तियाच्या, म्हणजे सान सेबास्तियानच्या, दक्षिणेला आस्तिगारागा, एर्नानी, उसुर्बिल या गावांत दाटीवाटीने आहेत. जेवणघराला लागूनच थंडगार तळघरासारखी खोली. तिथे ओळीने उभी असतात ती कुपेला, सायडरची लाकडी पिंपं. पिंप म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे जे येईल त्याच्यापेक्षा ती खूप मोठी. कित्येकांत हजारो लिटर मावतं. काही घरांत आता स्टीलच्या टाक्याही आल्यात. तुम्ही ऑम्लेटचा दुसरा घास घेत असता, तेवढ्यात घरातला माणूस ओरडतो, ‘च्योच!’ की हातातला पाव टेबलावर ठेवायचा, रिकामा पेला उचलायचा आणि त्याच्या मागे निघायचं. तो एका कुपेलाची छोटी तोटी उघडतो आणि सुतासारखी बारीक धार कमानीसारखी बाहेर झेपावते.

इथे जरा लक्ष दे, कारण नवखे लोक इथेच ओळखू येतात. पेला पातळ काचेचा, रुंद तोंडाचा. तो तिरपा धरायचा आणि धार पेल्याच्या आतल्या कडेवर आपटू द्यायची. आपटली की सायडर फुटतं, त्यातला थोडासा नैसर्गिक वायू मोकळा होतो, वास येतो, वर बारीक फेस धरतो. दोन बोटं झालं की बाजूला व्हायचं. तुझ्या मागच्याने तोवर आपला पेला तुझ्या पेल्याच्या खाली धरलेला असतो. तू काढलास की धार त्याच्यात. तोटी मधे बंद होत नाही. रांग सरकत राहते, आणि जमिनीवर कमीत कमी सांडलं तर ती रांग चांगली. मोबाइल काढून धारेचा व्हिडिओ करायला तिथे मधेच थांबू नकोस, मागचे वीस जण तुझ्या खांद्यावरून बघत असतात. व्हिडिओ हवा तर पहिली फेरी रांगेबाहेर उभी राहून काढ, मग मोबाइल खिशात.

आणि पेला भरायचा नाही. हे दहादा सांगितलं तरी थोडं आहे. आपल्याला वाटतं पैसे दिलेत, हवं तेवढं घ्या म्हणालेत, तर भरून घेऊ. तो फेस आणि तो वास मिनिटा-दोन मिनिटांत बसतो, मग राहतं ते नुसतं आंबट पाणी. म्हणून दोन बोटं घ्यायची, तिथल्या तिथे प्यायची, तळाशी राहिलेलं ओतून द्यायचं आणि टेबलाकडे परतायचं. थोड्या वेळाने पुन्हा आरोळी, या वेळी दुसरं कुपेला. त्याची चव वेगळी. एकाच बागेतलं, एकाच हंगामातलं सायडरही दोन पिंपांत दोन तऱ्हांनी आंबतं. एक कडक आंबट, दुसरं किंचित कडसर, तिसऱ्यात सफरचंदाच्या सालीचा वास. टेबलावर परत आल्यावर लोक भांडतात ते यावरून. सगळी संध्याकाळ हेच: घास, आरोळी, रांग, दोन बोटं, पुन्हा घास.

चवीबद्दल आधीच सावध करते. दुकानातलं गोड, फसफसणारं सायडर डोक्यात ठेवून गेलीस तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल. यात साखर घालत नाहीत, वायू भरत नाहीत, गाळूनही लख्ख करत नाहीत. गढूळ पिवळं, जवळजवळ सपाट, चांगलंच आंबट. नाशिकच्या वायनरीत तुम्ही पेला फिरवून, नाक घालून, ‘यात पेरूचा गंध येतो’ वगैरे ऐकलंय ना, तसलं काही इथे कुणी करत नाही. केलंस तर हसतील. तळलेला मासा आणि चीज यांच्या चरबीवर हा आंबटपणा काय काम करतो ते चौथ्या-पाचव्या घोटाला समजतं, आणि मग तोंड वाकडं होणं थांबतं.

पिण्याबद्दल. प्यावंस की नाही हे मी सांगणार नाही, तेवीस वर्षांची झालीस. पण हिशेब सांगते. हे साधारण 6 टक्क्यांचं असतं, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा थोडं चढं. आंबट असल्यामुळे चढतंय हे जिभेला कळत नाही, आणि दोन-दोन बोटं असल्यामुळे किती झालं ते डोळ्यांना कळत नाही. फेऱ्या मोज. पहिलं ऑम्लेट पोटात जाईपर्यंत एखादीच घे. पाण्याची बाटली मागून टेबलावर ठेव. एखादी च्योच सोडलीस तर कुणी हजेरी घेत नाही, टेबलापाशी थांबून मिरच्या संपव. आणि अजिबात प्यायचंच नसेल तरी जा. मोस्तो नावाचा द्राक्षाचा रस किंवा सफरचंदाचा रस मागता येतो, आणि रांगेत पेला घेऊन उभं राहायला, धार पकडायला, मागच्याला जागा करून द्यायला कुणाची ना नाही. एक थेंब न पिता धार पकडण्यात पटाईत झालेल्या बायका मी तिथे पाहिल्यात.

तुझा दुसरा न विचारलेला प्रश्न: बाई माणसाला तिथे बरं वाटतं का? पूर्वी हा मुख्यतः पुरुषांचा अड्डा होता. दोनोस्तियातल्या खाण्यापिण्याच्या मंडळांत तर बायकांना सभासदत्वच नसे. सायडर विकत घेणारे लोक हंगामात घरोघर फिरायचे, कुपेलातून चव घ्यायचे आणि कुठलं पिंप आपल्याला हवं ते ठरवायचे. रिकाम्या पोटी किती चाखणार, म्हणून बरोबर शिदोरी आणायचे; तिथेच निखाऱ्यावर मांस भाजायचे, ऑम्लेट करायचे. पुढे घरवाल्यांनीच ते जेवण द्यायला सुरुवात केली आणि तेच ठरून गेलं. आता आजीपासून नातवंडांपर्यंत आख्खी कुटुंबं येतात. तरीही शुक्रवार-शनिवारची रात्र मी तुला पहिल्या खेपेला सुचवणार नाही. तेव्हा मित्रांची टोळकी येतात, लग्न ठरलेल्या मुलाला अंगात भलतेच कपडे घालून आणतात, टेबलांवर हात आपटत गाणी म्हणतात. वाईट माणसं नसतात गं, पण आवाज फार, आणि खांद्यावर हात टाकायला कुणाला ओळख लागत नाही. तुमच्या पोरांना आठवड्यातल्या मधल्या दिवसाच्या दुपारचं टेबल घ्यायला लाव. गर्दी कमी, घरवाला बोलायला मोकळा, आणि परतताना उजेड.

गाणी मात्र ऐक. बास्क लोक एरवी मोजकं बोलतात, पण तिथे चौथ्या कुपेलानंतर कुणीतरी सूर लावतो आणि शेजारच्या अनोळखी टेबलावरून दुसरा आवाज येऊन मिळतो. त्यांच्यात जागच्या जागी छंदात कडवी रचून गाणारे बेर्त्सोलारी असतात. एखादा तिथे हजर असला तर तुमचं नशीब. शब्द कळणार नाहीत, तुझ्या स्पॅनिशचाही उपयोग नाही, कारण त्यांच्या भाषेचं युरोपातल्या कुठल्याच भाषेशी नातं लागत नाही. पेला उंचावून ‘तोपा!’ म्हण, निघताना ‘एस्केरिक आस्को’ म्हणजे आभार. एवढ्यावर चेहरे खुलतात.

हा सगळा प्रकार जानेवारीतच का सुरू होतो तेही जाणून जा, नुसतं खाऊन येऊ नकोस. सफरचंदं सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये उतरतात. जमिनीवर पडलेली वेचायला त्यांच्याकडे टोकाला खिळा असलेली काठी असते, किस्किया. एक एक फळ टोचायचं आणि टोपलीत झटकायचं, कंबर वाकवायला नको. आंबट, गोड, कडसर अशा कितीतरी जाती, एरेसिल, चालाका, गेसामिना, उर्तेबी, एकत्र करून रगडतात, रस काढतात, आणि तो कुपेलात आपला आपण आंबतो. नवं वर्ष लागेपर्यंत तो पिण्याजोगा होतो. जानेवारीत आस्तिगारागामध्ये हंगामाची सुरुवात करायला दरवर्षी कुणातरी नामवंताला बोलावतात. तो पहिली धार पकडतो आणि ‘गुरे सगार्दो बेरिया’ म्हणतो, आमचं नवं सायडर. मग एप्रिल संपेपर्यंत हा धुमाकूळ. त्यानंतर पिंपातलं उरलेलं बाटल्यांत जातं. काही मोठी घरं वर्षभर उघडी असतात, आस्तिगारागातलं पेत्रितेगी त्यांतलंच, पण नव्या सायडरचं खरं वारं फेब्रुवारीत असतं. तुम्ही वेळ बरोबर साधलीत.

दुपारचं टेबल मिळालं तर सकाळी आस्तिगारागातलं सगारदोएचेआ हे सायडरचं संग्रहालय बघून घे, लहानसं आहे आणि मागे सफरचंदाची बागही आहे. आणि कधी वेळ झाला तर शेजारच्या पसाइया बंदरात आल्बाओला नावाची जहाजं बांधायची कार्यशाळा बघ. सोळाव्या शतकात बास्क लोक व्हेल आणि कॉड मारायला थेट आजच्या कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जायचे. महिनोन् महिने समुद्रात, पाणी नासायचं, म्हणून जहाजावर सायडरची पिंपं. त्यांचं सान हुआन नावाचं जहाज 1565 मध्ये लाब्राडोरच्या रेड बेमध्ये बुडालं. त्याचीच पूर्ण आकाराची प्रतिकृती या कार्यशाळेने जुन्या पद्धतीने बांधलीय. ते बघितल्यावर डोंगरातल्या शेतघरात खारवलेला समुद्राचा मासा मानाने का बसलाय, हे कुणी सांगावं लागत नाही.

कपड्यांचं: तळघर थंड असतं आणि फरशी ओली. पातळ सोलची, पांढरी बुटं नकोत. लोकरीचं काहीतरी आत घाल, वर धुतलं जाईल असं जाकीट, कारण सायडर बाहीवर उडणार आणि धुराचा वास केसांत बसणार. मोठी पर्स नको, एक हात पेल्यात आणि एक काट्यात गुंतलेला असतो.

जाण्याचं सोपं आहे. बिल्बावहून दोनोस्तियाला बस, तिथून आस्तिगारागा किंवा एर्नानीला गावबस, अंतर दहा किलोमीटरच्या आत. घर डोंगरावर असेल तर शेवटचा टप्पा टॅक्सी. कुणी ‘माझी गाडी आहे’ म्हणाला तर त्याला विचार, तू पिणार नाहीस ना? उत्तर देताना तो घुटमळला तर तू बसने ये. यात संकोच नको. जेवणाचे निदान 40 युरो धर, सायडर त्यातच.

शेवटच्या ताटाबद्दल सांगायचं राहिलं. चीज इदियासाबालचं, लाचा जातीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचं, कधी धुरावलेलं. त्याबरोबर मेंब्रियोची लालसर घट्ट वडी. गोव्यात पेराड खाल्लंयस ना, त्याचीच थोरली बहीण समज, फळ तेवढं वेगळं. चीजचा तुकडा, त्यावर वडीचा तुकडा, आणि अक्रोड. अक्रोड कवचासकट येतात, अडकित्ता येईलच असं नाही. दोन अक्रोड मुठीत एकमेकांवर दाबायचे, एक फुटतो. या ताटात तुझ्या सगळ्या अडचणी संपतात, तेव्हा माशावर फार ताव मारू नकोस, इथे जागा ठेव.

आणि कुणी तुला म्हणेल, सायडर तर आस्तुरियास प्रांताचं. म्हणू दे. त्यांची गोष्ट निराळी. तिथे बाटली डोक्याच्या वर धरून खाली कमरेशी धरलेल्या पेल्यात ओततात, एका घोटापुरतं, आणि तो घोट तिथल्या तिथे संपवायचा. 2024 मध्ये त्यांच्या सायडर संस्कृतीला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. ओविएदोच्या गास्कोना रस्त्यावर ते बघायला मी तुला वेगळं घेऊन जाईन. फक्त बास्क टेबलावर आस्तुरियासची तारीफ करू नकोस, आणि तिकडे यांची.

आईला मी सांगते. ‘सफरचंदाचा आंबवलेला रस’ एवढं ती ऐकून घेईल, पुढचं माझ्यावर सोड. चुलेतेचा फोटो मात्र घरच्या ग्रुपवर टाकू नकोस, काका दिवसभर फोन करतील. बाकी तुमच्यापैकी टेबल कुणी सांगितलंय का अजून? फेब्रुवारीतले दिवस भराभर भरतात. आज वर्ग सुटल्यावर फोन करा, आणि तो तू कर, म्हणजे बाका, तेर्नेरा, सेर्दो हे तुझ्याच तोंडून त्यांच्या वहीत जाईल.